आस कुठे ठेवायचा आणि फ्लॅप केव्हा हलवायचा

पंखाच्या काटछेदाविषयी, म्हणजे एअरफॉइलविषयी, अभियांत्रिकीच्या वर्गात जे शिकवले जाते त्यात पंख जवळजवळ नेहमी स्थिर असतो. वातबोगद्यात तो एका कोनात घट्ट आवळून ठेवतात, उचल आणि ओढ मोजतात, कोन थोडा वाढवतात, पुन्हा मोजतात आणि मिळालेल्या आकड्यांचा आलेख काढतात. हा आलेख अत्यंत उपयोगाचा आहे. परंतु हेलिकॉप्टरचे पाते, सज्जनगडाच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्कीचे पाते, माशाचे शेपूट किंवा वादळी हवेत सापडलेल्या विमानाचा पंख यांपैकी काहीही असे एका कोनात थांबून राहत नाही. त्यांचा कोन सतत बदलत असतो, आणि तो बदलत असताना मिळणारी उचल केवळ त्या क्षणाच्या कोनावरून ठरत नाही. कोन किती वेगाने बदलतो आहे, पंख कोणत्या बिंदूभोवती फिरतो आहे, मागच्या कडेला फ्लॅप, म्हणजे बिजागरीवर वर-खाली झुकणारी पट्टी, असल्यास तो त्याच वेळी काय करतो आहे आणि थोड्या वेळापूर्वी पंखाने काय केले होते, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. या लेखात मला आसाची जागा आणि फ्लॅपची हालचाल या दोन गोष्टींविषयी लिहायचे आहे. वरकरणी हे दोन वेगळे विषय वाटतात. पण पंखाच्या रुंदीवरच्या एका विशिष्ट बिंदूपासून पाहिले की दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो, असे माझे ठाम मत आहे.

विषय डोक्यात घोळण्याचे कारण साधे आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, ॲक्रिलिकच्या भिंती असलेल्या आणि पंपाने पाणी फिरत राहणाऱ्या छोट्या पन्हळीत, आम्ही एक डुलणारा पंख बसवत आहोत. पंखाची जीवा, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी, १० सेंटिमीटर आहे आणि पाण्याचा वेग सेकंदाला साधारण १० सेंटिमीटर ठेवला आहे. काम सुरू झाले तेव्हा लेथवर उभ्या असलेल्या टर्नरने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, शाफ्टचं भोक कुठं पाडायचं तेवढं सांगा, बाकीचं माझ्याकडं लागलं.” संपूर्ण रचनेतील सर्वांत कठीण प्रश्न त्याने नेमका हेरला होता. शेवटी दोन्ही टोकांच्या पट्ट्यांत पुढची कड, पाव जीवा, अर्धी जीवा आणि पाऊण जीवा अशा चारही ठिकाणी भोके पाडून घेतली, जेणेकरून तोच पंख वेगवेगळ्या आसांभोवती फिरवून पाहता येईल.

आधी स्थिर पंखाचे पाहू. पातळ पंखाच्या सिद्धांतानुसार, कोन बदलल्यामुळे जी जास्तीची उचल निर्माण होते ती पुढच्या कडेपासून पाव जीवेवर एकवटल्यासारखी वागते. त्यामुळे आस पाव जीवेच्या पुढे असेल तर कोन वाढताच उचल पंखाला पुन्हा मूळ जागी आणते. वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो तो याच कारणाने. आस पाव जीवेच्या मागे असेल तर मात्र वाढलेली उचल कोन आणखी वाढवते, आणि तिला आवरणारी स्प्रिंग किंवा पंखाचा स्वतःचा ताठपणा पुरेसा नसेल तर पंख पिळवटून तुटतो. विमानाच्या पंखाचा लवचिक आस, म्हणजे ज्या रेषेभोवती तो पिळतो ती रेषा, बहुधा पाव जीवेच्या मागेच पडतो, म्हणून प्रत्येक विमानासाठी असा एक वेग काढावा लागतो की ज्याच्या पलीकडे पंखाचा पीळ सावरणार नाही. पवनचक्कीची पाती आणि हेलिकॉप्टरची पाती ज्या आसाभोवती फिरवली जातात तो पाव जीवेच्या आसपास ठेवण्यामागचे एक मोठे कारण हेच की तिथे फिरवायला लागणारे परिबल, म्हणजे फिरवण्याचा जोर, सर्वांत कमी असते.

आता पंख हलू लागला की काय होते ते पाहू. हालचाल जलद आहे की संथ, हे सेकंदांत सांगून उपयोग नाही. पंखाच्या अर्ध्या जीवेएवढे अंतर प्रवाह कापतो तेवढ्या वेळात पंख किती हलला, हे महत्त्वाचे. यासाठी एक परिमाणरहित वारंवारता वापरतात: कोनीय वारंवारतेला अर्ध्या जीवेने गुणायचे आणि प्रवाहाच्या वेगाने भागायचे. ही संख्या ०.०५ च्या खाली असेल तर पंख जवळजवळ स्थिर समजून चालते. हेलिकॉप्टरचे अर्धा मीटर जीवेचे पाते सेकंदाला ५ फेरे घेत असेल आणि मागे सरकणाऱ्या बाजूला त्याला सेकंदाला १०० मीटर वेगाचा प्रवाह लागत असेल, तर ही संख्या सुमारे ०.०८ येते. आमच्या पन्हळीत पंखाला एक हेलकावा घ्यायला १० सेकंद लागतात, म्हणजे डोळ्यांनी निवांत पाहता येईल इतकी ही गती मंद आहे. तरीही ही संख्या ०.३१ येते. पाण्यात प्रयोग करण्याचा हा मोठा फायदा आहे. हवेत मिलिसेकंदांत उरकणारी घटना इथे लाल शाईच्या धाग्यांतून सावकाश दिसते.

फिरणाऱ्या पंखाच्या प्रत्येक बिंदूला स्वतःचा उभा वेग असतो. आस पुढच्या कडेवर असेल आणि नाक वर उचलले जात असेल, तर आसामागचा प्रत्येक बिंदू खाली जातो आणि मागची कड सर्वांत वेगाने खाली जाते. त्या बिंदूंच्या दृष्टीने प्रवाह खालून वर येतो आहे, आणि जितके मागे जावे तितका तो अधिक तिरपा होत जातो. म्हणजे सपाट पट्टी फिरत असताना हवेला ती बाकदार पंखासारखी भासते. या सगळ्या बिंदूंचा एकत्रित परिणाम एकाच बिंदूवरच्या प्रवाहकोनाने सांगता येतो, आणि तो बिंदू पाऊण जीवेवर असतो. पंखाचा परिणामी कोन म्हणजे त्याचा प्रत्यक्ष कोन अधिक फिरण्याच्या वेगामुळे पाऊण जीवेवर निर्माण होणारा जादा कोन. हा जादा कोन काढण्यासाठी पंखाच्या फिरण्याच्या वेगाला जीवा भागिले प्रवाहवेग या वेळेने गुणायचे, आणि मग आस पाऊण जीवेपासून जितक्या जीवा पुढे असेल तितक्याने पुन्हा गुणायचे.

आमच्या पन्हळीतील आकडे घालून पाहा. पंख मध्यस्थितीपासून १० अंश वर आणि १० अंश खाली डुलतो. १० सेकंदांच्या हेलकाव्यात त्याचा कमाल कोनीय वेग सेकंदाला ६.२८ अंश होतो, आणि जीवा भागिले प्रवाहवेग ही वेळ बरोबर १ सेकंद आहे. आस पुढच्या कडेवर असेल तर जादा कोन ४.७ अंशांपर्यंत जातो. पाव जीवेवर तो ३.१ अंश असतो, अर्ध्या जीवेवर १.६ अंश, आणि पाऊण जीवेवर शून्य. आस त्याहूनही मागे, थेट मागच्या कडेवर नेला, तर तो उणे १.६ अंश होतो, म्हणजे नाक वर जात असताना परिणामी कोन उलट घटतो. तोच पंख, तोच प्रवाह, तोच हेलकावा. केवळ शाफ्ट एका भोकातून काढून दुसऱ्यात घातला म्हणून एवढा फरक पडतो.

हा जादा कोन ज्या क्षणी सर्वाधिक असतो तो क्षणही लक्षात घेण्यासारखा आहे. पंख मध्यस्थितीतून जात असताना त्याचा वेग सर्वाधिक असतो आणि टोकाला पोहोचल्यावर वेग शून्य होतो. त्यामुळे वेगातून येणारा कोन प्रत्यक्ष कोनाच्या पाव हेलकावा पुढे धावतो. दोन्हींची बेरीज केली की परिणामी कोन प्रत्यक्ष कोनापेक्षा थोडा आधी शिखर गाठतो: एक पूर्ण हेलकावा म्हणजे ३६० अंशांची कला धरली तर, आस पुढच्या कडेवर असताना सुमारे २५ अंशांच्या कलेने आधी, पाव जीवेवर असताना सुमारे १७ अंशांनी आधी. या कलांतराचे महत्त्व पुढे कळते, कारण त्याच्या उलट दिशेने ओढणारी आणखी एक गोष्ट इथे आहे.

ती गोष्ट म्हणजे पंखाने मागे सोडलेले भोवरे. पंखाभोवतीचे अभिसरण, म्हणजे उचल देणारा प्रवाहाचा फेर, बदलले की तेवढ्याच ताकदीचा, उलट दिशेचा भोवरा मागच्या कडेपासून सुटतो आणि प्रवाहाबरोबर वाहत जातो; जवळ आहे तोवर तो पंखावरच्या प्रवाहाला खाली दाबत राहतो. हर्बर्ट वाग्नर यांनी १९२५ मध्ये दाखवले की कोन एकदम बदलला तर अभिसरणातून येणारी उचल सुरुवातीला अंतिम मूल्याच्या निम्मीच असते आणि बाकीची हळूहळू भरून येते. ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला पंखाला साधारण साडेसहा जीवा एवढे अंतर कापावे लागते. पंख सतत डुलत असेल तर काय, याचे संपूर्ण उत्तर थिओडोर थिओडोरसेन यांनी अमेरिकेतील नाका (NACA) या विमानविद्या संशोधन संस्थेच्या ४९६ क्रमांकाच्या अहवालात १९३५ मध्ये दिले. त्यांच्या सूत्रातील एक गणिती फल सांगते की वारंवारता वाढत जाईल तशी ही उचल एकाहून घटत जाऊन निम्म्यावर येते, आणि मधल्या टप्प्यात ती कोनाच्या मागे रेंगाळते. आमच्या ०.३१ या वारंवारतेला ही उचल सुमारे ६८ टक्के राहते आणि सुमारे १५ अंशांच्या कलेने मागे पडते.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. आस पाव जीवेवर असेल तर फिरण्याच्या वेगामुळे परिणामी कोन १७ अंश पुढे धावतो आणि भोवऱ्यांमुळे उचल १५ अंश मागे ओढली जाते. दोन्ही एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, आणि अभिसरणातून येणारी उचल पंखाच्या कोनाबरोबर पाऊल मिळवून चालते. आस पाऊण जीवेवर नेला तर पुढे ढकलणारा भाग नाहीसा होतो आणि केवळ रेंगाळणे शिल्लक राहते. हा निष्कर्ष मला फार सुंदर वाटतो, कारण यात एकही नवा भौतिक नियम नाही. फक्त आसाची जागा आणि मागे वाहत गेलेल्या पाण्याची स्मृती यांची वजाबाकी आहे.

अर्थात हिशेब इथे संपत नाही. पंखाने ढकललेल्या हवेचे किंवा पाण्याचे स्वतःचे जडत्व असते. थिओडोरसेन यांच्या सूत्रात ते जीवेएवढा व्यास असलेल्या द्रवाच्या नळकांड्याच्या वस्तुमानाएवढे येते. हवेत १० सेंटिमीटर जीवेच्या पंखासाठी एक मीटर लांबीमागे ते जेमतेम ९ ग्रॅम असते. पाण्यात तेच ७.८ किलोग्रॅमच्या वर जाते. फिरवण्याच्या बाबतीत तर आसाची जागा इथेही आपला प्रभाव दाखवते: द्रवाचे हे जोडीचे जडत्व अर्ध्या जीवेवरच्या आसाला सर्वांत कमी असते, पाव जीवेवर त्याच्या तिप्पट होते आणि पुढच्या कडेवर थेट नऊपट. म्हणूनच मोटर निवडताना पुढच्या कडेवरचा आस गृहीत धरावा लागला. अर्ध्या जीवेसाठी पुरेशी ठरणारी स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर, तिथे पावले चुकवेल. हे जडत्व आणि त्याच्या जोडीची इतर पदे उचलीत मिळवली की पाव जीवेच्या आसासाठी एकूण उचल कोनाच्या सुमारे १५ अंश पुढे धावते.

फ्लॅपकडे वळताना मी उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाची खिडकी आठवायला सांगेन. उतरण्याआधी पंखाची मागची पट्टी खाली झुकते हे सगळ्यांनी पाहिलेले असते, पण एवढी लहान पट्टी एवढा परिणाम कशी करते याचे आश्चर्य क्वचितच कोणाला वाटते. पातळ पंखाच्या सिद्धांतानुसार जीवेच्या मागच्या २५ टक्के भागाचा फ्लॅप एक अंश खाली केला तर संपूर्ण पंख ०.६१ अंश फिरवल्याएवढी उचल वाढते. फ्लॅप केवळ १० टक्के असला तरी हा आकडा ०.४० आहे. प्रत्यक्षात पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या थरामुळे आणि बिजागरीच्या फटीतून होणाऱ्या गळतीमुळे परिणाम यापेक्षा कमी मिळतो, आणि फट पातळ रबराने बंद करणे हे म्हणूनच फार महत्त्वाचे काम आहे. तरीही प्रमाण थक्क करणारे राहते. पंखाचे अभिसरण किती असावे हे मागची कड ठरवते, कारण प्रवाह तिथून सुरळीत सुटला पाहिजे. फ्लॅप नेमका त्याच जागी हात घालतो.

फ्लॅपची उचल आणि कोनाची उचल यांत एक मूलभूत फरक आहे. कोनातून येणारी उचल पाव जीवेवर लागते. २५ टक्के फ्लॅपची उचल पुढच्या कडेपासून साधारण ४२ टक्क्यांवर लागते. म्हणून फ्लॅप खाली केला की उचल वाढते आणि त्याच वेळी नाक खाली ढकलणारे परिबलही येते. या दोन हत्यारांचे प्रमाण जुळवले तर उचल आणि परिबल स्वतंत्रपणे हाताळता येतात. उदाहरणार्थ, फ्लॅप १० अंश खाली आणि पंखाचा कोन ६.१ अंश कमी, असे केले तर उचलीत फरक पडत नाही, फक्त पीळ उरतो. पंख लवचिक असेल आणि त्याचा आस पाव जीवेच्या मागे असेल तर हाच पीळ घातक ठरतो: फ्लॅप खाली केल्यावर पंख नाक खाली करून पिळतो, आणि वेग पुरेसा वाढला की फ्लॅपने दिलेली उचल त्या पिळाने खाऊन टाकलेली असते. एलेरॉन, म्हणजे विमान एका बाजूला कलवणारे पंखाच्या मागच्या कडेवरचे फ्लॅप, उलटे काम करू लागतात ते यामुळे. अमेरिकन अभियंता चार्ल्स कामन यांनी आपल्या हेलिकॉप्टरांत हाच परिणाम कामाला लावला: पात्याच्या मागे बसवलेला लहान फ्लॅप हलवायचा, त्याने पाते पिळायचे, आणि पात्याचा कोन त्या पिळातून बदलायचा.

फ्लॅप वेगाने हलू लागला की त्यालाही वेगातून येणारा जादा कोन मिळतो, पण फारच थोडा, कारण फ्लॅपची बिजागरीच आमच्या बाबतीत पाऊण जीवेवर आहे आणि पुढचा संपूर्ण पंख त्याच्या हालचालीत भाग घेत नाही. थिओडोरसेन यांच्या १९३५ च्या अहवालात एलेरॉन हा स्वतंत्र हलणारा भाग म्हणून धरलेला आहे, त्यामुळे हा हिशेब हाताने करता येतो. आमच्या वारंवारतेला फ्लॅपच्या हालचालीतून येणारी एकूण उचल फ्लॅपच्या कोनाच्या सुमारे ५ अंश मागे राहते, तर पंखाच्या डुलण्यातून येणारी उचल पंखाच्या कोनाच्या सुमारे १५ अंश पुढे असते. दोन्ही उचली एकाच क्षणी शिखरावर याव्यात असे वाटत असेल तर फ्लॅपला पंखाच्या सुमारे २० अंशांच्या कलेने आधी हलवले पाहिजे. १० सेकंदांच्या हेलकाव्यात हे अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक होते. फ्लॅप पंखाशी थेट दांड्याने जोडून दोघांना एकाच तालात हलवण्याची कल्पना यांत्रिक दृष्ट्या सोपी आहे, पण तिच्यात हे स्वातंत्र्य हरवते. म्हणून फ्लॅपला वेगळी मोटर द्यावी असा माझा आग्रह राहिला.

कलांतराकडे दुर्लक्ष केल्यास काय होते याची उदाहरणे विमानविद्येच्या पहिल्या काही दशकांतच मिळतात. १९१६ मध्ये ब्रिटनच्या हँडली पेज बॉम्बर विमानाच्या शेपटाला भयंकर थरथर सुटत असे. दोन्ही बाजूंचे एलेव्हेटर, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारे शेपटावरचे हलते भाग, एकमेकांना ताठपणे जोडलेले नव्हते आणि ते उलटसुलट हलत होते. दोघांना एका मजबूत नळीने जोडून तो प्रश्न सोडवला गेला. १९२० च्या दशकात नेदरलँड्समध्ये फॉन बाउमहाउर आणि कोनिंग यांनी एलेरॉनच्या बिजागरीपुढे वजन जोडून त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीवर आणला की पंख आणि एलेरॉन यांची परस्परांना चेतवणारी थरथर थांबते, हे दाखवले. आजही विमानाचे हलते भाग असे तोलले जातात.

आतापर्यंतचे सगळे विवेचन प्रवाह पंखाला चिकटून आहे असे मानून केले. तो सुटला की विषय खऱ्या अर्थाने समृद्ध होतो. स्थिर पंखाचा कोन वाढवत नेला तर एका टप्प्यावर वरच्या पृष्ठभागावरचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. पण पंख वेगाने वर फिरत असेल तर तो कोन ओलांडूनही उचल वाढतच राहते. काही क्षणांनी पुढच्या कडेजवळ एक मोठा भोवरा गुंडाळला जातो, तो पंखाच्या पाठीवरून मागे सरकतो, आणि जिथे तो असतो तिथे दाब कमी असल्यामुळे उचल आणखी वाढते. भोवरा मागच्या भागावर पोहोचला की उचलीचे केंद्रही मागे जाते आणि नाक खाली आपटणारे जबर परिबल येते; उचल अद्याप टिकून असताना परिबल कोसळलेले असते. भोवरा निघून गेला की उचलही धाडकन पडते, आणि पंख खाली येत असताना प्रवाह पुन्हा चिकटायला फार उशीर लावतो. अमेरिकेत मॅक्रॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात नाका ००१२ या प्रमाणित काटछेदासारखे पंख पाव जीवेभोवती डुलवून केलेल्या प्रयोगांनी हे चित्र पक्के केले. हेलिकॉप्टरच्या वेगाला जी मर्यादा येते तिच्यामागे मागे सरकणाऱ्या पात्यावर घडणारा हा प्रकार आहे.

या स्टॉलवर आसाच्या जागेचा परिणाम पाऊण जीवेच्या नियमाने पूर्ण समजत नाही. इथे पुढच्या कडेकडे पाहावे लागते. आस पुढच्या कडेवर असेल तर नाक उचलताना ती कड जागेवरच राहते. आस मागे असेल तर पुढची कड वर सरकते आणि तिच्या दृष्टीने प्रवाह काहीसा वरून येतो, म्हणजे तिथला स्थानिक कोन कमी होतो. आमच्या आकड्यांत ही घट आस पाव जीवेवर असताना १.६ अंशांपर्यंत आणि मागच्या कडेवर असताना ६.३ अंशांपर्यंत जाते. त्यामुळे आस जितका मागे, तितका पुढच्या कडेवरचा भोवरा उशिरा जन्म घेतो. १९८० च्या दशकातील अनेक प्रयोगांनी आणि संगणकीय गणितांनी हेच दाखवले, आणि आमच्या पन्हळीत मध्यकोन १५ अंशांवर ठेवून पाहिले तेव्हाही शाफ्ट पुढच्या भोकात असताना शाईचा धागा लवकर गुंडाळला जातो आणि पाऊण जीवेच्या भोकात असताना बऱ्याच उशिरा, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. भोवरा उशिरा हवा म्हणून आस मागे न्यावा, असा सल्ला मात्र मी देणार नाही. मागच्या आसाभोवती पंख स्थिर उचलीनेच पिळवटला जातो आणि मोटरला सतत झुंजावे लागते. त्याशिवाय परिबल आणि कोन यांचा आलेख काढला की एका हेलकाव्यात तयार होणारे वेटोळे कोणत्या दिशेने फिरते यावरून पंख प्रवाहाला ऊर्जा देतो की प्रवाहाकडून घेतो हे ठरते. प्रवाहाकडून ऊर्जा घेणारे वेटोळे मोठे असेल तर मोकळ्या पात्याची थरथर आपोआप वाढत जाते, आणि आस बदलला की या वेटोळ्यांचा आकारही बदलतो.

इथेच फ्लॅपचे खरे काम सुरू होते. फ्लॅप खाली असेल तर अभिसरण वाढते, त्यामुळे पुढच्या कडेवर प्रवाह अधिक तिरपा येतो आणि भोवरा लवकर पिकतो. फ्लॅप वर केला तर पुढच्या कडेवरचा ताण हलका होतो. शिवाय भोवरा पाठीवरून मागे सरकत असताना वर झुकलेला फ्लॅप नाक उचलणारे परिबल देतो आणि भोवऱ्याच्या धक्क्याचा काही भाग झेलतो. किंमत उचलीत मोजावी लागते, आणि ती किती मोजायची हे पूर्णपणे वेळेवर अवलंबून असते. फ्लॅप संपूर्ण हेलकावाभर वर ठेवला तर उगाच उचल गमावली. भोवरा सुटण्याच्या सुमारास थोडा वेळ वर केला तर बहुतेक उचल राहते आणि परिबलाचे टोक बोथट होते. चिकटलेल्या प्रवाहात उचल वाढवण्यासाठी फ्लॅप पंखाच्या थोडा आधी खाली न्यावा, आणि खोल स्टॉलमध्ये परिबल आवरण्यासाठी तो शिखराजवळ वर न्यावा, अशा या जवळजवळ विरुद्ध मागण्या आहेत. एकाच पात्याला एका फेऱ्यात दोन्ही अवस्थांतून जावे लागत असल्यामुळे हेलकाव्याला एकदाच वर-खाली होणारा फ्लॅप पुरत नाही; त्याला एका फेऱ्यात अनेकदा हलावे लागते.

किती लवकर हलावे लागते याचा अंदाज करता येतो. पुढच्या कडेवरचा भोवरा प्रवाहवेगाच्या साधारण ३० ते ५० टक्के वेगाने मागे सरकतो. आमच्या पन्हळीत १० सेंटिमीटरची जीवा ओलांडायला त्याला २ ते ३ सेकंद लागतात, आणि एवढ्या वेळात साधी स्टेपर मोटर फ्लॅपला सहज हवे तिथे नेते. अर्धा मीटर जीवेच्या पात्यावर, सेकंदाला १०० मीटरच्या प्रवाहात, तोच भोवरा १० ते १७ मिलिसेकंदांत निघून जातो. एवढ्या अवधीत, तेही फिरत्या पात्याच्या प्रचंड केंद्रोत्सारी बळाखाली, फ्लॅप वर नेऊन परत आणणे दांडे आणि बिजागऱ्यांच्या जुन्या यंत्रणेला फार अवघड जाते. त्यामुळे २००५ मध्ये युरोकॉप्टरने बीके ११७ हेलिकॉप्टरच्या पात्यांवर आणि २००८ मध्ये बोइंगने नासाच्या एम्स केंद्रातील मोठ्या वातबोगद्यात चाचणी केलेल्या रोटरवर फ्लॅप हलवण्यासाठी पिझोइलेक्ट्रिक स्फटिकांचे थर वापरले. त्या थरांची हालचाल अगदी थोडी असते, ती यंत्रणेने वाढवून घ्यावी लागते, परंतु विजेचा इशारा मिळताच ते हलतात.